वैशाखांतील घाट आणि घरची मोटार

वसंताचें वर्णन करतांना आमच्या संस्कृत कवींनीं आम्रमंजरी, कोकिल आणि मलयवायु यांस अग्रस्थान दिलें आहे. परंतु पुण्याहून महाबळेश्वरास मोटारीनें जाणाऱ्या गृहस्थास वसंत प्रथम भेटतो तो तापलेल्या डांबरी सडकेवर. आणि मोटारींत आजीपासून पणतूपर्यंत सर्व मंडळी असली म्हणजे ह्या भेटीची तयारी अगोदर करणें अवश्य ठरतें.

आमच्या वडील भगिनी आक्का यांचें वय ८४ वर्षांचें. क्षेत्र महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत कृष्णामाईचें दर्शन पुन्हां एकदां घडावें, ही त्यांची इच्छा. घरांतील मंडळींचें म्हणणें असें पडलें कीं, एवढ्या उन्हांत त्यांस नेऊं नये. घाटांत मोटार तापून बंद पडली तर त्यांचे हाल होतील. शंका रास्त होती. परंतु तिचें उत्तर आक्कांस घरीं ठेवणें हें नव्हे, तर मोटार नीट करणें हें होय, असें आम्हीं ठरविलें आणि निघण्यापूर्वीं आठ दिवस पुतण्यास घेऊन कामास लागलों.

प्रथम रेडिएटर पाहिला. पाणी व ग्लायकॉल यांचें मिश्रण, ज्यास कूलंट म्हणतात, तें एंजिनाची उष्णता वाहून आणतें आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातांना ती वाऱ्याच्या स्वाधीन करतें. साधें पाणी उघड्यावर १०० अंशांस उकळतें. परंतु येथें झांकण घट्ट असल्यामुळें आंत दाब वाढतो, आणि मिश्रण १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंतही उकळत नाहीं. स्वयंपाकघरांतील कुकराचा न्याय तो हाच. झांकणाचें रबर झिजलें कीं हा सारा लाभ गेला. म्हणून एंजिन थंड असतां पातळी पाहिली, झांकण नवें घातलें आणि हातास मऊ लागणारी एक रबरी नळी बदलून घेतली.

नंतर टायर. त्यांतील हवा सकाळीं, गाडी चालविण्यापूर्वीं मोजावी. उष्णतामान साडेपांच अंशांनीं चढलें कीं दाब सुमारें एक पौंडानें वाढतो. वाटेंत वाढलेला दाब पाहून कित्येक लोक हवा सोडतात, तें योग्य नव्हे. टायर गार झाल्यावर ती हवा उणी पडते; आणि कमी हवेचा टायर अधिक वांकतो, अधिक तापतो व शेवटीं फुटतो. टायराच्या अंगावर चार आंकडे असतात, ते त्याची जन्मपत्रिकाच होत. २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा २३ वा आठवडा.

ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें, आणि ओलावलेलें तेल लवकर उकळतें. मग घाट उतरतांना ब्रेकवर पाय दाबावा तर तो पोकळ लागतो. आमच्या गाडींतील तेलास दोन वर्षें झालीं होतीं, सबब तेंही बदललें.

पहांटे पुणें सोडलें. खंबाटकी चढून, सुरूर येथें महामार्ग सोडून उजवीकडे वळलों आणि ऊन चढण्यापूर्वीं वाईस पोंचलों. कृष्णेच्या कांठीं, गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधविलेल्या देवळांत ढोल्या गणपतीस नमस्कार केला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालीं मराठी विश्वकोशाचें काम ज्या गांवीं उभें राहिलें, त्या गांवाहून घाईनें निघणें आमच्या जिवावर आलें. पण उन्हास आमच्या विद्याप्रीतीची पर्वा नव्हती.

वाई सुटतांच पसरणीचा घाट लागतो. पांचगणीपर्यंत बारा-तेरा किलोमीटरांत सुमारें ६०० मीटर चढावें लागतें. खालीं कृष्णेचें खोरें आणि धोम धरणाचें पाणी दिसूं लागलें. अशा एका रम्य वळणावर एक मोटार वाफा सोडीत उभी होती. एक तरुण गृहस्थ फडक्यानें रेडिएटरचें झांकण धरून तें फिरविण्याच्या बेतांत होते, आणि त्यांची पांच-सहा वर्षांची मुलगी अगदीं शेजारीं उभी होती.

पुतण्यानें गाडी थांबवून हांक मारली, "दादा, हात लावूं नका!"

"अहो, पण पाणी घालायला नको का?"

"घालूं या. आधीं चांगली गार होऊं द्या."

दाबाखालीं असलेलें तें मिश्रण झांकण सैल होतांच एकदम उकळून तोंडावर उडालें असतें. आक्कांनीं मुलीस जवळ बोलावून लाडू दिला. पाऊण तासानें झांकण उघडलें, तेव्हां आंत कूलंट नांवालाच उरलें होतें. तें गेले सहा महिने कोणी पाहिलेंच नव्हतें. आमच्याजवळचें मिश्रण घालून ती मंडळी हळूहळू पांचगणीच्या मेकॅनिकाकडे गेली. घाटांत जें घडतें तें पुष्कळदां घरींच ठरलेलें असतें.

पंचगंगेच्या देवळाबाहेर आधीं आक्का व मुलें उतरलीं, मग गाडीस कुलूप लागलें. उन्हांत बंद केलेल्या मोटारींत दहा मिनिटांत उष्णतामान सुमारें दहा अंशांनीं चढूं शकतें. मुलांस वा वृद्धांस तींत क्षणभरही ठेवूं नये. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री व सावित्री यांचा उगम येथें मानितात. गोमुखाच्या धारेखालीं ओंजळ धरून आक्का म्हणाल्या, "सकाळीं वाईला पाहिली ती हीच ना रे? इथं केवढीशी आहे!"

परततांना पुतण्यानें घाट ज्या गिअरांत चढला त्याच गिअरांत उतरविला. गाडी न्यूट्रलमध्यें सोडली नाहीं. वेग एंजिनानें आवरला म्हणजे ब्रेक तापत नाहींत. ज्या घरीं वडील माणसें तीर्थयात्रेची इच्छा बोलून दाखवितात, तेथील तरुणांनीं ऊन फार आहे असें म्हणण्यापूर्वीं एकवार मोटारीचें झांकण उघडून पाहावें, एवढीच आमची विनंती आहे.