वैमानिकाचा रोजमुरा

विमान चालविणारा मनुष्य गरीब असू शकतो, ही कल्पना आमच्या मनास पुष्कळ वर्षे शिवली नव्हती. खांद्यावरील त्या सोनेरी पट्ट्या पाहून त्याच्या घरी लक्ष्मी पाणी भरत असेल, असेच आम्ही गृहीत धरीत आलो. 2006 साली दसऱ्यानंतर आम्ही कन्येकडे अमेरिकेस गेलो, तेव्हा हा भ्रम फिटला.

क्लीव्हलंडहून न्यूअर्कला जाणारे ते पन्नास आसनांचे लहानसे जेट होते. आमच्या शेजारी गणवेशातला एक तरुण येऊन बसला. शर्टाला कडक इस्त्री, काळा टाय, टोपी मांडीवर. आणि पायाशी एक पिशवी, तीत घरून आणलेला डबा! डब्याने आमचे कुतूहल जागे झाले व बोलणे सुरू झाले. तो अशाच विमानांवर सहवैमानिक होता. नेमणूक न्यूअर्कला, बिऱ्हाड मात्र ओहायोत आईवडिलांकडे. कारण न्यूअर्कचे घरभाडे त्याच्या आवाक्याबाहेरचे. रिकामी जागा मिळेल त्या विमानाने कामावर यावयाचे, आणि रात्र काढावयाची ती आठ-दहा वैमानिकांनी मिळून घेतलेल्या, एकावर एक खाटा रचलेल्या खोलीत. अशा खोलीस ते 'क्रॅशपॅड' म्हणतात. विमानाच्या धंद्यात हे नाव कोणास सुचले असेल कोण जाणे!

वेतन विचारणे शिष्टाचारास सोडून होते. तरी आम्ही विचारले. ताशी वीस डॉलरांच्या आसपास. मोठी बेरीज होईल, असे आम्हांस वाटले. तो हसला. तास मोजला जातो तो विमान फलाटावरून हलल्यापासून पुढच्या फलाटावर थांबेपर्यंतच. पावसात उभे राहून चाके व पंख तपासणे, हवामानाचे कागद वाचणे, धुके निवळण्याची वाट पाहणे, हे सारे त्या हिशेबाबाहेर. वर्षाला हजार तासांहून अधिक उड्डाण कायद्यानेच करता येत नाही. म्हणजे वीस हजार डॉलर ही जवळजवळ परमावधी. शिवाय शिक्षणासाठी काढलेले कर्ज त्याहून कितीतरी मोठे.

"एवढ्या अल्प वेतनात इतक्या निष्ठेने काम करता, हे थोरच आहे," आम्ही म्हणालो. स्तुती केल्याचे समाधानही आम्हांस वाटले. तो क्षणभर गप्प राहिला व म्हणाला, "आमच्या कंपनीचेही हेच मत आहे."

हे उत्तर आम्हांस झोंबले, त्याचे कारण घरचे होते. आम्ही ज्या देवस्थानाच्या समितीवर होतो, तेथे चौघडा व सनई वाजविणाऱ्यांचा वेतनवाढीचा अर्ज तीन सभांतून पुढे ढकलला गेला होता. 'ते देवाची सेवा करतात, पैशाची नव्हे,' हे वाक्य त्या सभेत उच्चारणारे आम्हीच. परत आल्यावर अर्ज पुन्हा पुढे आणला. मागितले त्याच्या निम्मे मंजूर झाले. असो.

2009 च्या आरंभी त्या तरुणाची आठवण वारंवार येऊ लागली. 15 जानेवारीला कॅप्टन सलेनबर्गर यांनी दोन्ही एंजिने बंद पडलेले विमान हडसन नदीवर उतरविले. विमानातील 155 माणसे वाचली. बुडत्या विमानातून दोन फेऱ्या मारून कोणी मागे राहिले नाही ना, हे पाहिल्यावरच ते बाहेर पडले. जगाने त्यांस डोक्यावर घेतले. पुढच्याच महिन्यात अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे त्यांनी सांगितले, की आपले वेतन चाळीस टक्क्यांनी कापले गेले आहे व निवृत्तिवेतनाची योजना मोडीत निघाली आहे. आपल्या मुलांनी या धंद्यात यावे, असे म्हणणारा एकही वैमानिक आपल्या माहितीत नाही, असेही ते म्हणाले.

या दोहोंच्या दरम्यान, 12 फेब्रुवारीच्या रात्री, न्यूअर्कहून बफेलोला निघालेले कोल्गन एअरचे विमान एका घरावर कोसळले. विमानातील 49 व घरातील एक अशी पन्नास माणसे गेली. सहवैमानिक चोवीस वर्षांची मुलगी होती. सिअ‍ॅटलहून मेंफिसमार्गे रात्रभर प्रवास करून ती कामावर आली होती. तिचे वार्षिक वेतन सुनावणीत प्रथम सोळा हजार डॉलरांच्या घरात सांगण्यात आले. कंपनीने मागाहून तो आकडा सुमारे चोवीस हजार केला. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात तिचे बोलणे आहे: बरे वाटत नाही, पण आता रजा घेतली तर हॉटेलचा खर्च पदरचा करावा लागेल.

अपघात वेतनामुळे झाला, असे चौकशी मंडळाने म्हटले नाही; आम्हीही म्हणणार नाही. विमानाची गती घटल्याची सूचना मिळताच कॅप्टनने उलट कृती केली, हे मुख्य कारण ठरले. थकव्याचा परिणाम झाला असावा, पण किती, हे ठरविता आले नाही. तथापि आम्ही त्या तरुणाची जी थोरवी गायिली होती, तीत या मुलीच्या त्या वाक्यास कोठे जागा होती? आजारी असता 'आज मी उडणार नाही' असे सांगणे हाही वैमानिकाच्या अभिमानाचाच भाग. आणि नेमका तोच तिला परवडला नाही.

पुढे कायदे बदलले. पूर्वी 250 तासांच्या अनुभवावर सहवैमानिक होता येई. 2013 पासून सामान्यतः 1500 तास लागू लागले. 2014 पासून विश्रांतीचे नियम कडक झाले. वैमानिकांचा तुटवडा पडला, आणि 2022 मध्ये काही लहान कंपन्यांनी नवख्याचा दर ताशी नव्वद डॉलरांपर्यंत नेला. निष्ठेची किंमत कळण्यास टंचाई यावी लागली.

न्यूअर्कला त्या दिवशी वारा आडवा होता. विमान उतरू लागताच तो तरुण बोलता बोलता थांबला. त्याची नजर खिडकीबाहेर खिळली. मांडीवरचा उजवा हात नकळत किंचित वळला. आधी एक चाक टेकले, मग दुसरे. "चांगले उतरविले," तो पुटपुटला. बाकीच्या प्रवाशांपैकी कोणी मानही वर केली नाही. उठताना त्याने टोपी घातली, खिडकीच्या काचेत पाहून टाय नीट केला, आणि पिशवी उचलून दुसऱ्या फलाटाकडे निघाला. तेथे त्याला एक विमान तपासावयाचे होते. त्याचा तास अजून सुरू झाला नव्हता.