दूधसागरला जायचं निघालं की

दूधसागरला जायचं निघालं की आमच्या बेळगावच्या घरात आधी भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरायचं. पावसाळा चांगला चार महिन्यांचा, पण त्यात घराला बाहेर पडता येईल असा दिवस सापडणं मुश्कील. श्रावणात उपास आणि मंगळागौरी, भाद्रपदात गणपती, गणपती गेले की पितृपंधरवडा, आणि नवरात्रात तेवता दिवा सोडून कुणी हलायचं नाही. आमच्या शाळा कर्नाटकातल्या, त्यामुळे आम्हाला सुट्टी दसऱ्याची, म्हणजे नेमकी नवरात्रातच. पुण्या-मुंबईच्या भावंडांना ती दिवाळीत. सगळी एकदम मोकळी असतील असा दिवस कालनिर्णयवाल्यांनी छापलेलाच नसायचा.

राहता राहिला आषाढ. त्यावरून घरात दोन तट होते. आप्पाकाकांचं म्हणणं, धबधबा बघायचा तर भर पावसातच, नाहीतर न्हाणीघरातला नळ सोडून बसा. अक्का, म्हणजे आमची थोरली आत्या, दिवाळीच्या बाजूची. आषाढात तिथं धुकं इतकं दाटतं की समोर धबधबा आहे हे नुसतं कानानं कळतं. पैसे खर्चून आवाज ऐकायला कशाला जायचं, हा तिचा सवाल. दोघांचंही बरोबर होतं, आणि हीच त्या जागेची गंमत आहे. पाणी जेव्हा खरं असतं तेव्हा कुळ्याकडून येणारी जंगलातली वाट ओढे-नद्यांनी अडवलेली असते आणि तिथवर न्यायला फक्त रेल्वे उरते. पाऊस संपून वाट मोकळी झाली की पुढं महिन्या-महिन्यानं धार बारीक होत जाते.

आप्पाकाका जिंकायचे, कारण रेल्वेचं वेळापत्रक त्यांच्याकडं असायचं. ते रेल्वेत नव्हते, पण स्टेशनवर त्यांचं बसणं-उठणं होतं, आणि गाडी ‘लेट’ आहे ही बातमी ते आपल्या घरची असल्यासारखी सांगायचे. तेव्हा मिरजेहून वास्कोला जाणारी लाइन मीटर गेजची. मुंबईची मंडळी मोठ्या गाडीनं मिरजेपर्यंत यायची आणि तिथं बोचकी, वळकट्या, पोरं असं सगळं उचलून लहान गाडीत बसायची. बेळगाव, खानापूर, लोंढा, तिनईघाट, कॅसलरॉक, करंझोळ, दूधसागर ही स्टेशनं आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. ‘दूधसागरनंतर काय?’ असं कुणी विचारलं की सगळी एका सुरात ‘सोनावली, कुळे’ म्हणून ओरडायची.

खरा वाद खिडकीचा. धबधबा डाव्या हाताला दिसतो की उजव्या, यावर घरातल्या प्रत्येक जाणत्या माणसाचं ठाम मत होतं आणि कुणाचंच दुसऱ्याशी जुळत नव्हतं. रूळ डोंगराला वळसे घेत उतरतात, त्यामुळे गाडी एकदा थेट त्याच्या अंगावरच्या पुलावरून जाते आणि एकदा तो दरीपलीकडून दिसतो. पण हे समजावून सांगण्याइतका धीर कुणाला? ‘इकडं बस म्हणून सांगितलं की नाही तुला?’ असं म्हणत आत्या अख्खा डबा तिरका करायची. फोटोत जे दिसतं, पांढऱ्या धारेच्या मधोमध चाललेली गाडी, ते गाडीत बसणाऱ्याच्या नशिबी नसतंच. ते बघायला खाली उतरून लांब जावं लागतं. हे आम्हाला फार उशिरा, एका कॅलेंडरवरच्या चित्रामुळं लक्षात आलं.

बेत ठरत आला की अण्णा, आमचे आजोबा, आपली जुनी गोष्ट काढायचे. गोवा पोर्तुगिजांकडं होता तेव्हाची. ही घाटातली लाइन १८८०च्या दशकात बांधलेली, आणि कॅसलरॉक म्हणजे हद्दीवरचं स्टेशन. तिथं जकातवाले डब्यात चढून ट्रंका उघडायला लावायचे, पलीकडं कुळ्याला पोर्तुगिजांचे लोक तेच पुन्हा करायचे. १९५५च्या सुमारास नाकेबंदी झाली, गाड्या बंद पडल्या, आणि १९६१ला गोवा सुटल्यावर पुन्हा रीतसर येणं-जाणं सुरू झालं. अण्णांना धबधब्यात काडीचा रस नव्हता. त्यांना सांगायचा असायचा तो जकातवाल्यापासून परकरात लपवलेल्या घड्याळाचा किस्सा. परकर कुणाचा, हे ते दरवर्षी बदलायचे.

आजीकडं दूधसागरची वेगळी कहाणी होती. डोंगरावरच्या तळ्याकाठी राजकन्या सोन्याच्या झारीतून दूध पिते, कुणी राजपुत्र झाडाआडून बघतो, आणि आडोसा म्हणून ओतलेल्या दुधाचा पडदा होतो तो धबधबा. राजकन्या तळ्यात अंघोळ करत होती हा भाग आजी गाळून टाकायची. त्यामुळं आडोसा कशाला हवा होता, हे आम्हाला पुष्कळ वर्षं उमगलं नाही.

डबे मात्र मोठ्या काकूच्या हातात. पावसात टिकणारं हवं म्हणून दुधातल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, लसणाची चटणी, शिवाय मुंबईकरांचा मान म्हणून कुंदा. कुंद्याचा डबा लोंढ्याच्या पुढं पोचल्याचं मला आठवत नाही. पिशवीत मिठाची पुरचुंडी आणि तंबाखू असायची, जळवांसाठी. एरवी आजीच्या तंबाखूवरून नाकं मुरडणाऱ्या सुना त्या दिवशी स्वतः तिच्याकडं मागायला यायच्या, आणि आजी चिमूटभरच द्यायची.

काकू यादी करायची, पुऱ्या तळायची, कुणाला कुठली कानटोपी ते ठरवायची आणि घरीच राहायची. अण्णांचं पथ्याचं जेवण, दूधवाला, पावसात गळणारं माजघर. कारण दरवेळी नवीन आणि दरवेळी खरं. तेव्हा आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही. आज सगळी भावंडं बोलायला बसली की या गोष्टीशी येऊन जरा अडखळतात. पुढं लेकीच्या बाळंतपणासाठी काकू वास्कोला निघाली, तेव्हा गाडी घाटात शिरली ती मध्यरात्री. काकूनं डब्यातल्या झोपलेल्या लोकांना हलवून विचारलं, ‘आला काय हो धबधबा?’ कुणीतरी ‘गेला’ म्हणून सांगितलं.

आणि धबधबा? कॅसलरॉकला गाडी बराच वेळ थांबायची, घाटासाठीची जादा इंजिनं लागायची, मग बोगदे सुरू व्हायचे आणि प्रत्येक बोगद्यात पोरं किंचाळायची. बाहेर आलं की अंगावर तुषार. ३१० मीटरवरून, डोंगराच्या टप्प्याटप्प्यांनी कोसळणारं ते पाणी पुलाखालून निघून पुढं खांडेपार नदी होऊन मांडवीला मिळतं, हे आप्पाकाका ओरडून सांगायचे आणि एकही शब्द ऐकू यायचा नाही. स्टेशनवर उतरून आम्ही रुळांच्या कडेकडेनं धबधब्यापाशी चालत जायचो. मोठी माणसं छत्र्या उलट्या झालेल्या सावरत उभी, लहानांच्या दंडाला कुणाचा ना कुणाचा हात. भिजायचं, खायचं, आणि परतीची गाडी किती ‘लेट’ आहे यावर आप्पाकाकांशी भांडायचं. अक्का दरवर्षी म्हणायची, ‘दिवाळीत आलो असतो तर दिसला तरी असता.’

पुढं ती लाइन ब्रॉड गेज झाली. कोकण रेल्वे आल्यावर मुंबईकरांना मिरजेची वाट धरायची गरजही उरली नाही. रुळांवरून चालत जायला आता बंदी आहे आणि ती असायलाच हवी. आम्ही ज्या बेफिकिरीनं पोरंबाळं घेऊन तिथं वावरलो ते आठवून आज पोटात गोळा येतो. २०२३च्या जुलैत अशा ट्रेकर्सना उठाबशा काढायला लावल्याचा व्हिडिओ फिरला, तो सगळ्यात आधी आमच्या घरच्या ग्रुपवर आला. ‘आप्पाकाकांनी उठाबशा घातल्या असत्या का रे?’ असं धाकट्या चुलतबहिणीनं विचारलं, त्यावर दोन दिवस चर्चा चालली. सर्वानुमते निघालं ते असं की त्यांनी आधी शिपायाला गाडीची खरी वेळ विचारली असती.

गेल्या दिवाळीत पुतण्यानं अभयारण्यातली जीप आपल्याआपण ठरवली. लाइफ जॅकेटसकट सगळी सोय होती, कुळ्याला जेवायला हॉटेल होतं. मोठी काकू आता ऐंशीच्या पुढं. गुडघ्याला पट्टा बांधून ती पहाटे उठली आणि दशम्या लाटायला बसली. ‘हॉटेल आहे की गं तिथं,’ पुतण्या म्हणाला. ‘असू दे की,’ काकू म्हणाली, ‘आणि पुढच्या सीटवर मी बसणार. खिडकीचं कुणी बोलायचं नाही.’