दांडा काही हलेना!

साठीच्या उंबरठ्यावर गाडी शिकणाऱ्या बाईला घोडेगावात काय काय ऐकून घ्यावं लागतं, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, यांनी स्टिअरिंग सोडलं, म्हणून मी ते धरलं. पण क्लच आणि माझा डावा गुडघा यांचं काही जमेना. मग मुलाने त्याची जुनी, सात माणसांची व्हॅन पुण्याहून आणून दारात उभी केली. ऑटोमॅटिक. क्लच नाही, पहिला-दुसरा गिअर नाही, दांड्याशेजारी पी, आर, एन, डी एवढी चार अक्षरं. थांबलं की पी, मागे जायचं तर आर, पुढे जायचं तर डी. एन फारसा लागत नाही म्हणाला. "आई, स्कूटी चालवतेस ना, तसंच आहे," असं सांगून तो संध्याकाळच्या एसटीने परत गेला.

स्कूटी अडकली तर ढकलत नेता येते, हे त्याने सांगितलं नव्हतं.

डिसेंबरमधली गोष्ट. वन्सं आणि त्यांचा नातू सुट्टीला आले होते. सकाळी ओझरला विघ्नहराचं दर्शन घेतलं, मग जुन्नरवरून लेण्याद्रीला गेलो. तीनशेच्या आसपास पायऱ्या. गुडघ्यामुळे मी खालीच बसणार होते, पण वन्सं चढायला लागल्यावर मला मागे राहवेना. गिरिजात्मजाचं दर्शन होतं बौद्ध लेण्यांच्या रांगेतल्या सातव्या लेण्यात. कोरीव दगडाचा तो गारवा, समोर पसरलेलं कुकडीचं खोरं, पलीकडे शिवनेरी. उतरून आलो तेव्हा चार वाजून गेले होते. उसाचा रस झाला, शेंगा झाल्या, सगळे गाडीत बसले.

किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं. ब्रेकवर पाय दिला, दांड्यावरचं बटण दाबलं. बटण दबेना. दांडा ओढला. जागचा हलेना. गाडी बंद केली, परत सुरू केली, ब्रेक आणखी जोरात दाबला. तेच.

"वहिनी, काय झालं?" मागून वन्सं.

काय झालं हे मला माहीत असतं तर मी सांगितलं नसतं का?

वाहनतळावर बिघडलेली गाडी आणि तिच्या स्टिअरिंगवर बाई, एवढं दिसलं की माणसं कुठून येतात कळत नाही. टोमॅटोच्या पिकअपवाला आला, शेंगावाला आला, शाळेची सहल घेऊन आलेल्या बसचा क्लीनर आला. पिकअपवाला म्हणाला, क्लच पूर्ण दाबा. क्लचच नाही म्हटल्यावर त्याने खाली वाकून खात्री करून घेतली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू क्लच मीच कुठेतरी विसरून आले आहे. एकाचं मत पडलं, गिअरबॉक्सचं तेल संपलं. दुसरा दांड्याला दोन्ही हातांनी हिसके द्यायला निघाला, त्याला यांनी थांबवलं. तिसऱ्याने टोचन करून जुन्नरला न्यायचा प्रस्ताव मांडला आणि दोर आणायला निघालाही. नंतर कळलं की तो सगळ्यांत वाईट सल्ला होता. पी मध्ये पुढची चाकं आतून जखडलेली असतात. तशी गाडी ओढली तर चाकं फरफटतात आणि गिअरबॉक्सचं वाटोळं होतं. आमच्यासारख्या गाडीची पुढची चाकं उचलून तरी न्यावी लागते, नाहीतर अख्खी गाडी ट्रकवर चढवावी लागते.

बसच्या क्लीनरने मात्र एक शहाणपणाची शंका काढली. गाडी उतारावर होती. पी वर टाकलं की गिअरबॉक्समधल्या एका दातेरी चाकाच्या खाचेत लोखंडी अडसर पडतो आणि गाडी उतारावर असेल तर तिचं सगळं वजन त्या अडसरावर येतं. मग दांडा ओढायला जड जातो. उपाय असा की चाकांना दगड लावायचे, गाडी चार जणांनी चढाच्या बाजूला बोटभर रेटायची आणि वजन उतरलं की दांडा ओढायचा. माणसांना तोटा नव्हताच. दगड आले, "हर हर महादेव" झालं, गाडी इंचभर मागे-पुढे डोलली. दांडा ढिम्म.

आता माझ्या पोटात गोळा आला. पाच वाजत आले होते, ऊन कलत होतं. जुन्नर तालुक्यात संध्याकाळ म्हणजे नुसती संध्याकाळ नसते. दोन्ही बाजूंना ऊस आणि उसात बिबट्या. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, ते उगाच नाही. रात्री रस्त्यात कुठे अडकायचं नाही, हे इथल्या पोराबाळांनाही सांगावं लागत नाही. नातवाने नेमकं तेव्हाच विचारलं, "आजी, बिबट्या पार्किंगमध्ये येतो का?"

अष्टविनायक यात्रेचा एक मिनीबसवाला बराच वेळ लांबून सगळं पाहत होता. चाळिशीचा असेल. हातातला चहा संपवून तो आला आणि दांड्याकडे पाहिलंही नाही. म्हणाला, "मावशी, ब्रेकवर पाय ठेवा आणि तसाच धरून ठेवा." आणि गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला.

"दाबलाय का?"

"दाबलाय!"

"सोडा. परत दाबा. दाबलाय का?"

"अरे भाऊ, दाबलाय!"

तो खिडकीशी आला. "मागचे लाल दिवे लागतच नाहीत तुमचे. गाडीला कळतच नाही तुम्ही ब्रेक दाबलाय ते. ती सोडणार कशी?"

मी आयुष्यभर चौथीच्या मुलांना विज्ञान शिकवलं, पण ब्रेकच्या दिव्याचा आणि गिअरच्या दांड्याचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नसतं. त्याने सांगितलं ते असं. ब्रेकच्या पायपट्टीच्या वरच्या टोकाशी एक छोटा स्विच असतो. पाय दिला की तो मागचे दिवे लावतो आणि त्याच निरोपावर दांड्याखालची चुंबकाची एक खिट्टी मागे सरकते. खिट्टी सरकली तरच दांड्यावरचं बटण दबतं. स्विच गेला की दिवेही गेले आणि खिट्टीही बसली तिथेच. दांडा चांगला, गिअरबॉक्स चांगला, बिघाड पायाशी.

आणि इथेच त्याने तो फरक समजावला, जो क्लीनरला माहीत नव्हता. उतारामुळे दांडा अडकला असेल तर बटण दबतं, दांडा फक्त जड येतो आणि सुटताना "ठक्क" असा आवाज करतो. बटणच दबत नसेल तर ढकलून उपयोग नाही, ते काम विजेचं आहे. मग आधी मागचे दिवे बघायचे. ते लागत नसतील तर फ्यूज. फ्यूज ठीक असेल तर स्विच. आमचा फ्यूज त्याने चिमट्याने काढून उजेडात धरला. तार शाबूत होती.

मग त्याने दांड्याच्या बुडाशी नखाएवढं एक प्लास्टिकचं झाकण दाखवलं. इतके दिवस मी त्यावरून फडकं फिरवत होते. झाकणाखाली भोक. हँडब्रेक ओढलेला आहे ना, हे त्याने दोनदा विचारलं आणि चाकांचे दगड काढू दिले नाहीत. "आता ब्रेक दाबून धरा," म्हणत त्याने बारीक स्क्रू ड्रायव्हर त्या भोकात घालून दाबला. मी बटण दाबलं. दबलं! दांडा लोण्यातून यावा तसा एन वर आला. जमलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. वन्संनी "मोरया" म्हटलं.

ही सोय प्रत्येक गाडीत वेगवेगळ्या जागी असते. काहींत झाकणाखाली, काहींत दांड्याच्या कव्हराच्या आत, काहींत नुसतं बटण. गाडीबरोबरच्या पुस्तिकेत "शिफ्ट लॉक" या नावाखाली ती दाखवलेली असते. आमची पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात, मूळच्या प्लास्टिकच्या पिशवीत, न उघडलेली सापडली.

मी निघायच्या तयारीत, तर मिनीबसवाला म्हणाला, "घरी नाही जायचं मावशी. आधी जुन्नरात गॅरेज. मागच्याला तुमचा ब्रेक दिसत नाही." गळिताचा हंगाम होता. नारायणगावच्या रस्त्याला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, कित्येकांना मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. आपण त्यांना नावं ठेवतो. त्या संध्याकाळी मी त्यांच्याच पंगतीत होते. सकाळी ओझरहून निघताना दांडा सहज सुटला होता, म्हणजे स्विच तिथून लेण्याद्रीपर्यंतच्या वाटेत कुठेतरी गेला. त्या वाटेवर मी किती वेळा ब्रेक मारला असेल आणि मागच्यांना काहीच दिसलं नसेल, हे आठवून मला आत्ताही बरं वाटत नाही.

त्याने आपली बस आमच्या मागे ठेवली. चारही इंडिकेटर लावून आम्ही जुन्नरला पोचलो. तिथल्या ऑटो इलेक्ट्रिशियनने पायपट्टीखाली डोकं घालून स्विच काढला आणि दोन तारा जोडून बघितल्या. मागचा लाल उजेड भिंतीवर पडला. आतले काँटॅक्ट जळून काळे झाले होते. त्याने ते घासून दिवे लावून दिले आणि बजावलं, "हे आजच्यापुरतं. नवा घाला." नवा दोन दिवसांनी मंचरला बसवला. त्याची किंमत ओझरच्या पेढ्यांच्या बिलापेक्षा कमी होती.

असली खोड गाडीला लावली कोणी, याचा राग मला बरेच दिवस होता. मग मुलाने सांगितलं. 1986 साली अमेरिकेत ऑडीच्या ऑटोमॅटिक गाड्यांविषयी मोठा गदारोळ उठला. उभी गाडी गिअर टाकताच आपोआप सुसाट सुटते, अशा तक्रारी होत्या. 1989 मध्ये तिथल्या सरकारी चौकशीचा निष्कर्ष निघाला तो असा की बहुतेक ठिकाणी घाबरलेल्या चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला होता. दरम्यान ऑडीने ब्रेक दाबल्याशिवाय दांडा सुटूच नये अशी खिट्टी बसवली आणि हळूहळू ती इतरांकडेही आली. पुढे मुलांच्या सुरक्षिततेसाठी अमेरिकेत 2008 साली कायदा झाला आणि सप्टेंबर 2010 पासून तिथल्या नव्या ऑटोमॅटिक मोटारींना ती सक्तीची झाली. उभ्या गाडीत खेळणाऱ्या पोराने दांडा ओढला आणि गाडी उतारावरून निघाली, असे प्रकार त्याला कारण होते. वन्संचा नातू मागच्या सीटवरून पुढे झेपावून त्या दांड्याला हात घालायचा, हे आठवलं आणि माझा राग गेला.

उतारावर गाडी लावायची रीतही मी आता बदलली आहे. थांबल्यावर पाय ब्रेकवरच ठेवून आधी हँडब्रेक ओढते, ब्रेक किंचित सैल करून गाडी हँडब्रेकवर टेकते की नाही बघते आणि मग पी. गाडीचं वजन हँडब्रेक पेलतो, आतल्या अडसरावर येत नाही. पोखरी घाट चढून भीमाशंकरला गेलो तेव्हा असंच केलं, निघताना दांडा हलका आला.

तुमच्याकडे ऑटोमॅटिक गाडी असेल तर शिफ्ट लॉकचं झाकण आजच शोधून ठेवा आणि खणात एक बारीक स्क्रू ड्रायव्हर टाका. झाकणातून दांडा सोडवून गाडी हलवता येते, पण ती दुरुस्ती नव्हे. तशीच घरी नेऊ नका. आणि गाडी कुठलीही असो, आठवड्यातून एकदा रात्री ती भिंतीला पाठ करून उभी करा, ब्रेक दाबा आणि आरशात भिंतीवर लाल उजेड पडतो का बघा.