तिच्या सोन्याचा हिशेब

"आमच्यावर कधी कुणाचं कर्ज नव्हतं," असं अभिमानाने सांगणारी पुष्कळ घरं मी पाहिली आहेत. सावकाराची पायरी चढलो नाही, पतपेढीला कुणाला जामीन राहायला लावलं नाही, अंथरूण पाहूनच पाय पसरले. हे सगळं खरंही असतं. तरी घरावर मजला चढलेला असतो, थोरला इंजिनिअर झालेला असतो, दुकानात माल भरलेला असतो. अशा वेळी मी त्या घरातल्या बाईच्या हातांकडे बघते.

आमच्या घराला कर्ज दिलं ते आईने, आणि घराने ते कर्ज म्हणून कधी धरलंच नाही. दादाच्या कॉलेजच्या वेळी तिच्या पाटल्या निघाल्या. लग्नापासून हातात असलेली पाटली सहजी निघत नाही, अंगठ्याच्या बुडाशी हाड आडवं येतं. मोरीत बसून आईने हाताला साबणाचा फेस लावला, बोटं जुळवून हात चिंचोळा केला आणि पाटली फिरवत फिरवत खाली ओढली. कातडी सोलवटली. पाटलीच्या आतल्या बाजूला मळाचा थर होता, तो तिने जुन्या ब्रशने घासून काढला आणि मऊ फडक्यात गुंडाळून जोडी बाबांच्या हाती दिली. "दिवाळीपर्यंत सोडवून आणतो," बाबा म्हणाले. त्यांच्या मनात खोट नव्हती. पण दिवाळीला ताईचं बाळंतपण निघालं, पुढच्या पावसाळ्याआधी छपराचे पत्रे बदलावे लागले. व्याज भरून मुदत वाढवत वाढवत शेवटी सराफाने हिशेब मिटवला.

हे सोनं आलेलं कसं असतं, तेही बघायला हवं. काही माहेरचं. बाकीचं भाजीच्या पैशातून, भिशीच्या हप्त्यातून, शिवणाच्या मजुरीतून साठवलेलं. गुरुपुष्याला बोरमाळेचे दोन मणी, दसऱ्याला आणखी एक. तोळ्याच्या 96 गुंजा, आणि बाई त्या गुंजेगुंजेने जमवते. स्वतःसाठी खर्च करायला न धजणारी माझी आई सोन्याला मात्र खर्च म्हणत नसे. मला ती तेव्हा दागिन्यांची हौशी वाटे. आता वाटतं, ज्या घरात सातबाऱ्यावर तिचं नाव नाही आणि बँकेच्या पासबुकावरही नाही, तिथे अंगावर घालता येईल एवढीच मालमत्ता तिच्या नावाची होती.

मृगाच्या तोंडावर मराठवाड्यातल्या कुठल्याही बाजारपेठेत सराफाच्या दुकानात डोकावावं. बियाणं आणि खत घ्यायचं असतं, म्हणून गळ्यातलं पेढीवर येतं. कापूस-सोयाबीन विकलं गेलं तर ते दिवाळीला परत जातं. तोवर बाई काळ्या मण्यांची पोत घालून खुरपायला जाते. बँकेतही तेच चालतं. मूल्यांकनाला बसलेला सराफ मंगळसूत्र कसोटीवर घासतो. मणी, लाख, खडे वजनातून वजा करतो. राहिलेल्या सोन्याच्या किमतीवर कर्ज मिळतं. बरीच वर्षं रिझर्व्ह बँकेची मर्यादा 75 टक्क्यांची होती. पिशवीला सील लागतं. अर्जदार नवरा असेल, तर हे दागिने माझ्या मालकीचे आहेत असंही तोच लिहून देतो. ती शेजारच्या बाकावर बसलेली असते.

आपल्याकडे याला फार जुना आधार आहे. दुष्काळात, धर्मकार्यात, आजारपणात नवऱ्याने स्त्रीधन घेतलं तर ते परत करायला तो बांधील नाही, असं याज्ञवल्क्यस्मृती सांगते. नवऱ्याचा त्यावर हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली ठामपणे सांगितलं. एप्रिल 2024 मध्ये न्यायालयाने पुन्हा म्हटलं की अडचणीत त्याने ते वापरलं, तरी परत करण्याचं नैतिक बंधन त्याच्यावर राहतं. घराघरांत मात्र अजून स्मृतीचाच अंमल आहे.

मोठ्या कामांच्या पायातही हेच सोनं आहे. 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला तो सरस्वतीबाई फाळक्यांच्या दागिन्यांवरही. साताऱ्याच्या वसतिगृहातल्या पोरांना जेवू घालायला कर्मवीरांच्या लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला, अखेर मंगळसूत्रसुद्धा. ही गोष्ट आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो, आणि सांगायलाच हवी. पण बाईच्या देण्याची आरती ओवाळली की ते फिटल्यासारखं होतं, याचा मला त्रास होतो. लक्ष्मीबाईंनी आपखुशीने दिलं. माझ्या आईला कुणी विचारलं होतं, हे मला आठवत नाही.

माझ्या भाचीने गेल्या वर्षी नवऱ्याच्या दुकानासाठी बांगड्या तारण ठेवल्या. कर्ज स्वतःच्या नावावर घेतलं. घरी एका वहीत तारीख, वजन, कॅरेट लिहून खाली त्याची सही घेतली आणि दर महिन्याला किती रक्कम तिच्या खात्यात यायची, तेही लिहिलं. सासूबाई दुखावल्या. "घरातल्या घरात कसली गं लिखापढी?" भाची म्हणाली, "आई, तुमचंही लिहू या. मागच्या पानावर जागा आहे." त्यांनी उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी मेथी निवडता निवडता त्या आपण होऊन म्हणाल्या, "गोठ चार तोळ्यांचे होते. धाकट्याच्या अ‍ॅडमिशनला मोडले. लिही."