दोरीचं टोक

इटलीहून परत आल्यावर स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न आला तो पिसाच्या कलत्या मनोऱ्याचा. मी म्हटलं, "नाही पाहिला. मी तिथली नगरपालिका पाहून आले." सगळ्यांना हसू आलं. आपल्याकडे नगरपालिका पाहायला कोण जातं? तिथे काम अडलं की जायचं आणि काम झालं की मागे न बघता निघायचं, हाच रिवाज.

माझा धाकटा भाऊ सिएनाच्या विद्यापीठात संशोधनासाठी होता. हे विद्यापीठ १२४० सालचं, हे तो घरी फोनवर इतक्यांदा सांगायचा की अम्मींनाही पाठ झालं होतं. २०१८ च्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि त्याने हट्टच धरला. रमजानच्या आत परत यायचं, या अटीवर अम्मींनी जाऊ दिलं.

सिएना हे टेकड्यांवरचं विटांच्या रंगाचं गाव. मधोमध कांपो नावाचं मैदान आहे. शिंपल्यासारखं उतरतं होत जातं आणि उताराच्या तळाशी पालात्सो पुब्लिको, म्हणजे लोकांचा वाडा. मैदानाच्या फरसबंदीचे नऊ भाग आहेत. १२८७ ते १३५५ या काळात नऊ जणांचं मंडळ या शहराचा कारभार पाहत होतं, त्याची ही खूण. भाऊ म्हणाला, "आपा, ये देखो, इनकी नगरपालिका. आजभी दफ्तर यहींच है."

वाड्याचं बांधकाम तेराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालं. खाली दगड, वर विटा, बाजूला उंच सडपातळ मनोरा. मनोऱ्याच्या चारेकशे पायऱ्या आहेत म्हणे. मी खालूनच सलाम केला. मला आत जायचं होतं.

या नऊ जणांची एक गोष्ट मला फार आवडली. त्यांची मुदत फक्त दोन महिन्यांची असे. तेवढे दिवस त्यांना घर सोडून याच वाड्यात राहावं लागे, म्हणजे भाऊबंद नि धंदेवाले यांच्या भिडेपासून दूर. आमच्या गावात एकदा खुर्ची मिळाली की माणूस तिथून मैयतीच्या वेळीच उठतो.

वरच्या मजल्यावर पहिल्या मोठ्या दालनात बीबी मरियमचं भिंतभर चित्र आहे. सिमोने मार्तिनीने १३१५ साली काढलेलं. मी जरा अवघडून उभी राहिले. आपल्या घरांत चित्रांची सवय नसते, आणि बीबी मरियमचं नाव तर आपण कुराणातल्या सूरेमुळे अदबीने घेतो. भावाने चित्राखालच्या मजकुराचा मतलब सांगितला. दुबळ्यांना त्रास देणाऱ्यांना त्यात ताकीद आहे. सभा भरायच्या त्या दालनात, सभासदांच्या डोळ्यांसमोर ही ताकीद!

त्याला लागून त्या नऊ जणांची बसायची खोली. आंब्रोज्जो लोरेंझेत्तीने १३३८-३९ मध्ये तिच्या तीन भिंती रंगवल्या. एका लांब भिंतीवर चांगल्या कारभाराचं शहर आहे. गवंडी पराचीवर चढून घर बांधताहेत, गाढवांवर माल येतोय, चपलांचं दुकान उघडं आहे, वेशीबाहेर शेतात कापणी-मळणी चालली आहे. आणि एका दुकानवजा ओवरीत मास्तर मुलांना शिकवतोय. मला तो आधी दिसला, हे सांगायला नकोच.

समोरची भिंत वाईट कारभाराची. ओल आणि काळ यांनी तिचे पोपडे गेले आहेत, पण जे उरलं आहे ते पुरेसं आहे. मधोमध शिंगांचा, सुळ्यांचा जुलमी राजा. त्याच्या पायाशी हातपाय बांधलेली न्यायदेवता, तिचा तराजू मोडून पडलेला. राजाच्या शेजारी बसलेल्या मंडळींत 'फूट' नावाची एक बाई आहे. तिच्या अंगावर 'होय' आणि 'नाही' असे दोन शब्द आहेत, आणि ती हातातल्या करवतीने स्वतःलाच कापते आहे. त्या शहरात धंदा चालतोय तो फक्त हत्यारं घडवणाऱ्याचा. सातशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसाने काढलेलं चित्र, पण मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

मधल्या आखूड भिंतीपाशी मात्र मी फार वेळ थांबले. तिथे न्यायदेवता शाबूत आहे. तिच्या तराजूच्या दोन पारड्यांतून दोन दोऱ्या खाली येतात. खाली 'एकोपा' नावाची बाई बसली आहे, तिच्या मांडीवर सुताराचा रंधा. कुणी वर, कुणी खाली राहू नये म्हणून. ती दोन दोऱ्यांची एक करते आणि पुढच्या माणसाच्या हाती देते. तो त्याच्या पुढच्याला. असे चोवीस नागरिक, आणि त्यांच्या हातांतून दोरी पोचते ती काळ्या-पांढऱ्या पोशाखातल्या म्हाताऱ्यापर्यंत. तो म्हणजे शहर, सगळ्यांचं मिळून हित. त्याने दोरी धरलेली नाही तर लोकांनी ती त्याच्यापर्यंत आणली आहे.

हे सगळं खरंच तसं होतं, असं मी म्हणत नाही. ते नऊ जण बहुतेक व्यापारी आणि सावकार होते. आपल्याच बैठकीत आपलीच तारीफ रंगवून घेतली, असंही म्हणता येईल. दोरी धरणाऱ्या चोविसांत एकही बाई नाही. गुण तेवढे बायकांच्या रूपात, हक्काच्या जागी बाप्ये. १३४८ च्या प्लेगमध्ये शहराची फार मोठी वस्ती गेली, चित्रकारही त्यातच गेला असं मानतात. आणि १३५५ मध्ये नऊ जणांची सत्ताच उलथली.

पण भावाने आणखी एक गोष्ट सांगितली. १३०९-१० मध्ये या शहराने आपले सगळे कायदे लॅटिनमधून लोकांच्या बोलीत उतरवून घेतले. गरिबांना आणि लॅटिन न येणाऱ्यांना वाचता यावं म्हणून ते मोठ्या, ठळक अक्षरात लिहावेत, असा हुकूमच होता. त्यांतल्या किती गरिबांना वाचता येत असेल? थोड्यांनाच. तरीही कुणाच्या तरी मनात आलं की कायदा त्यांच्या डोळ्यांना दिसला पाहिजे.

मोठ्या, ठळक अक्षरात! हे ऐकलं आणि त्या खोलीत मला एकदम एक बाई आठवली.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. शाळेला कारकून नव्हता, दाखल्यांचं काम माझ्याकडे होतं. आठवी पास झालेल्या एका मुलाची आई दाखला न्यायला आली. विड्या वळणारी बाई. आमच्या जनरल रजिस्टरात आडनाव 'शेख', मुलाच्या आधार कार्डावर 'शैख'. मी म्हटलं, प्रतिज्ञापत्र आणा. दुसऱ्यांदा आली तेव्हा प्रतिज्ञापत्र चुकीचं होतं. तिसऱ्यांदा आली तेव्हा हेडसर रजेवर होते. प्रत्येक खेपेला तिचा दिवसाचा रोज बुडत होता. चौथ्यांदा ती आलीच नाही. हायस्कूलची प्रवेशाची तारीख निघून गेली आणि मुलगा गॅरेजवर लागला.

दाखला रजिस्टरप्रमाणेच द्यायचा असतो. तो मी पहिल्याच दिवशी लिहून देऊ शकले असते. तेव्हा मला नियम नीट ठाऊक नव्हता, हे खरं. पण तो उघडून पाहायची तसदीही मी घेतली नाही. आणि खरं सांगायचं तर, टेबलाच्या पलीकडे कुणीतरी हात जोडून उभं आहे आणि आपल्याला 'मॅडम' म्हणतंय, हे तेव्हा बरं वाटत होतं. माझीच बिरादरी, माझीच जबान. म्हणजे दोरी माझ्या हातात आली होती आणि मी ती पुढे दिली नव्हती.

"आपा, क्या हुआ? थक गए क्या?" भावाने विचारलं. मी हो म्हटलं. तिथे इतक्या लोकांत काय सांगणार?

पुढे २०१९-२० च्या हिवाळ्यात आपल्या मोहल्ल्या-मोहल्ल्यांत कागदांची धावपळ सुरू झाली, ती वाचकांना ठाऊकच आहे. मीही अब्बांच्या जन्माच्या नोंदीसाठी रांगेत उभी राहिले. त्यांचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने लिहिलेलं. खिडकीतून उत्तर आलं, "प्रतिज्ञापत्र आणा." बोर्डावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मला राग आला, पण बोलायला तोंड नव्हतं. त्या खिडकीच्या आत मीच बसलेली मला दिसत होते.

त्यानंतर मी शाळेच्या दारात एक फळा लावून घेतला. दाखल्याला काय लागतं, किती दिवस लागतात, पैसे लागत नाहीत. उर्दूत आणि मराठीत, मोठ्या अक्षरात. सातवी-आठवीची मुलं आलेल्या आयांना तो वाचून दाखवतात. उर्दू माध्यमाची मुलं मराठीत कच्ची राहतात, ही तक्रार खोटी नाही. म्हणून आता महिन्यातून एकदा मी त्यांना नगरपालिकेचा अर्ज मराठीत भरायला लावते. मार्क नसतात, पण त्यांना मजा येते.

गॅरेजवरचा तो मुलगा आता बाप्या झालाय. माझ्या स्कूटीत हवा भरतो, "सलाम टीचर" म्हणतो आणि पैसे घेत नाही. मी दर वेळी जबरदस्तीने त्याच्या हातावर ठेवते. दाखल्याची गोष्ट आमच्यात कधी निघाली नाही. बहुधा त्याला वाटतं, नियमच तसा होता. हा लेख छापून आला की अंक घेऊन त्याच्याकडे जायचं ठरवलं आहे. त्याच्या आईलाही बोलवायला सांगेन. तिला वाचता येत नाही, तेव्हा वाचून मलाच दाखवावं लागेल.