कडोदरा ते बालेवाडी, नेम शिकायला

सुरतहून बारडोलीकडे जाताना मुंबई-दिल्ली महामार्ग जिथे आडवा येतो, ते आमचं कडोदरा. चार रस्त्यावर ट्रक, टेम्पो आणि रिक्षांची गर्दी, पलीकडे डाईंग मिलची धुरांडी, आणि पाळी सुटली की रस्ताभर माणसं. त्या गर्दीत अहिराणी हमखास कानावर पडते. खानदेशातून पोटासाठी इथे आलेल्या आपल्या लोकांची नातवंडं आता इथल्या शाळांत शिकतात.

अशा गोंगाटात वाढलेली माझी पुतणी नववीत आहे आणि खेळते दहा मीटर एअर रायफल, म्हणजे ज्यात जराही हलायचं नाही असा खेळ. साठ गोळ्या, जास्तीत जास्त ६५४ गुण. वर्षभर तिची गाडी ५८५ च्या आसपास अडकली होती. क्लबची रायफल जुनी आहे, स्वतःची नवी घेतली तर गुण वाढतील, असं तिच्या मनाने घेतलं. परदेशी बनावटीची चांगली रायफल दोन लाखांच्या वर जाते. मिलमध्ये नोकरी करणारा माझा भाऊ कर्जाची चौकशी करू लागला, तेव्हा मी म्हटलं, आधी एकदा बालेवाडीला जाऊन जाणत्या माणसाला विचारू.

सुमारे ४०० किलोमीटरचा प्रवास. आमच्या दारातला महामार्ग क्रमांक ४८ नवसारी, वापी, मनोर करत मुंबईकडे, तिथून पुण्याकडे आणि पुढे कोल्हापूरलाही जातो. पुण्यात शिरतानाच बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल लागतं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी ते उभारलं गेलं आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धाही इथेच झाल्या.

ओळखीतून भेटलेल्या प्रशिक्षकांनी पुतणीला आधी नुसतं पवित्र्यात उभं केलं. लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, पुस्तकातल्या पूर्णविरामाएवढा. तिथे गोळी पोचवायची तर रायफल स्नायूंनी पेलायची नाही, हाडांवर टेकवायची, असं ते म्हणाले. डावं कोपर कमरेच्या हाडाला टेकलं की हात थरथरायचा थांबतो.

मग त्यांनी तिला डोळे मिटून दोन श्वास घ्यायला लावले. डोळे उघडले तर रोख लक्ष्याच्या उजवीकडे गेलेला! म्हणजे प्रत्येक गोळीला ती हाताने रायफल डावीकडे ओढत होती, आणि ट्रिगर दाबताना ती ओढ सुटत होती. उपाय अगदी साधा: हात ओढायचा नाही, पावलं सरकवायची. शरीर सैल सोडल्यावर रायफल आपोआप लक्ष्याकडे पाहील, तिथे पावलं पक्की करायची.

पुढचं क्रमाने आलं. श्वास हळू सोडून तिथेच थांबायचं. ट्रिगर सरळ मागे, हलकेच. आठेक सेकंदांत गोळी सुटली नाही तर हट्ट न करता रायफल खाली घ्यायची. गोळी सुटल्यावरही दोन सेकंद नजर तिथेच ठेवायची. निघताना ते म्हणाले, "ताई, पाच गोळ्या एकत्र पडून बाजूला गेल्या तर साइट फिरव. विखुरल्या तर स्वतःकडे बघ. आणि रायफलवर शंका असेल तर ती शिकंज्यात धरून मारून बघ."

परत आल्यावर सुरतच्या क्लबमध्ये तेच केलं. जुनी रायफल शिकंज्यात आवळून पाच गोळ्या मारल्या. पाचही जवळजवळ एकाच भोकात! कर्जाचा कागद त्या दिवशी बाजूला पडला.

पैशाचा प्रश्न खोटा नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचे वडील शिक्षक. २००९ मध्ये त्यांनी मुलाला सरकारी क्रीडा प्रबोधिनीत घातलं. २०१५ पासून तो मध्य रेल्वेत नोकरीला. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत तो सुरुवातीला मागे होता, आणि शेवटच्या, उभ्या पवित्र्यात वर सरकत ४५१.४ गुणांनी कांस्यपदकापर्यंत पोचला. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं विश्वविजेतेपद मिळवलं होतं. आपल्यासारख्याच घरांतली ही मुलं.

तीन महिन्यांनी पुतणीचे गुण ५९८ झाले. राज्य स्पर्धेपर्यंत क्लबच्याच रायफलीवर खेळायचं, मग पुढचं बघू, असं तिनेच वडिलांना सांगितलं. संध्याकाळी गच्चीवर ती रायफलीशिवाय सराव करते: पवित्रा, श्वास, डोळे मिटून एका पायावर तोल. खाली महामार्गावर हॉर्न चालूच असतात.

मुलांनो, तुम्हालाही शिकायचं असेल तर क्लबमध्ये, प्रशिक्षकासमोरच शिका. रायफल भरलेली असो वा रिकामी, नळी माणसाकडे कधीही वळवायची नाही. आणि नवीन काही मागण्याआधी ती शिकंज्याची परीक्षा जरूर घ्या.