ऑइलच्या दिव्याचं देणं

माझे वडील फियाट टॅक्सी चालवत. कागदोपत्री प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, पण वरळी नाक्यावर तिला सगळे फियाटच म्हणत. स्टँडवर गिऱ्हाइकाची वाट बघताना वडील चावी ऑन ठेवून टेप ऐकत. मे महिन्यात डॅशबोर्डवरचा छोटा पंखाही चालू असे. इंजिन बंद, सगळा भार बॅटरीवर. गिऱ्हाईक बसलं, सेल मारला की नुसतं ‘टक’. मग बाकीचे टॅक्सीवाले धक्का मारायला येत.

नाक्याजवळ फुटपाथला लागून एका वायरमनची टपरी होती. राहायला ते बीडीडी चाळीत, आमच्यासारखेच कोकणातले. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही. शाळा सुटली की मी तिथे टेस्ट लॅम्प धरायला बसे.

वडिलांनी गाऱ्हाणं सांगितलं तेव्हा मामा माझ्याकडे वळून म्हणाले, “चावी फिरली म्हणजे इंजिन फिरतंय असं नाही रे. इंजिन चालू आहे का, हे इंजिनालाच विचारायचं.”

विचारायचं कुठे, हे त्यांनी फुटपाथवर खडूने काढून दाखवलं. सोपी जागा डायनामो, कारण इंजिन फिरल्याशिवाय तो वीज देत नाही. पण फियाटचा जुना डायनामो आयडलिंगला पुरेशी वीज देत नसे, म्हणजे प्रत्येक सिग्नलला पंखा थांबणार. मामांनी ऑइल प्रेशरच्या लाल दिव्याची वायर धरली. इंजिन बंद असताना तिथला स्विच ती वायर अर्थला जोडतो, म्हणून दिवा लागतो. ऑइलचा दाब आला की स्विच उघडतो आणि दिवा विझतो. पाच पायांच्या रिलेची कॉइल त्यांनी चावीची लाइन आणि ही वायर यांच्यामध्ये घातली. पंख्याला आणि टेपला वीज चावीच्याच लाइनवरून, फ्यूजमधून, पण रिलेच्या 87ए या पायावरून दिली. कॉइल ओढलेली असताना हा पाय तुटतो, सुटली की जुळतो. चावी ऑन आणि इंजिन बंद असेल तर पंखा बंद. सेल मारतानाही बंदच, म्हणजे बॅटरीची सगळी ताकद स्टार्टरला. इंजिनाने दाब धरला की पंखा चालू.

मला आजही ही मांडणी सुंदर वाटते. नवा सेन्सर नाही, महागडं काही नाही. गाडी स्वतःबद्दल जे आधीच सांगत होती, ते मामांनी ऐकलं.

पुढे एका दुपारी हाजी अलीकडे जाताना वडिलांचा पंखा आणि टेप एकदम बंद पडले. समोरून येणाऱ्या उन्हात लाल दिवा दिसत नव्हता. पंखा थांबला म्हणून त्यांनी वाकून पाहिलं, तर दिवा पेटलेला. गाडी कडेला घेऊन त्यांनी तिथेच इंजिन बंद केलं. ऑइल चेंबरचा बोल्ट ढिला होऊन मागच्या रस्त्यावर ऑइलची रेघ उमटली होती. तशीच आणखी थोडी चालवली असती तर बेअरिंग गेले असते, इंजिनाचं काम निघालं असतं. माझ्या डिप्लोमाची फी त्या वर्षी भरायची होती. घरात दोन्ही खर्च झेपणारे नव्हते.

वडील मामांना पैसे द्यायला गेले, मी सोबत होतो. मामा म्हणाले, “रिलेचे पैसे घेतलेत की मी. दाब गेला तर पंखा बंद पडणार, हे धरूनच वायर टाकली होती.”

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. आता मी गाड्यांची वायरिंग शिकवतो. नव्या गाड्यांत इंजिनाच्या फेऱ्यांची खबर कॉम्प्युटरकडूनच मिळते. तरी पहिल्या आठवड्यात मी मुलांकडून मामांचं सर्किट जोडून घेतो आणि मग कॉइलची वायर काढायला सांगतो. इंजिन बंद असूनही पंखा फिरू लागतो. या मांडणीतली ही उणीव मामांनीच मला दाखवली होती, आणि म्हणून कॉइलचे जोड ते नेहमी डाख देऊन पक्के करत.